दवबिंदूच्या कुंडीतली तंबाखू

मी कुद्रेमनीकर मास्तरांना दवबिंदू नावाच्या झाडाची म्हणून तंबाखूची रोपं दिली, आणि मास्तरांनी भिंग लावून हिवाळाभर त्यांची चित्रं काढली. मुद्दाम केलं असतं तर निदान चलाखीचं नाव तरी मिळालं असतं. मला ती खरंच ओळखता आली नाहीत. आणि मी कोण, तर बोरगावचा, तंबाखूच्या वाफ्यात रांगलेला माणूस. आमच्या गावचं शेंबडं पोरसुद्धा दोन पानांवरची तंबाखू अंधारात हात लावून सांगेल.

आता हातांना कंप सुटलाय, वाफे दुसऱ्याला दिलेत, तेव्हा बसल्या बसल्या लिहून टाकतो. नाहीतरी बेळगावच्या खासबागेत ही गोष्ट माझ्यापेक्षा लोकच जास्त रंगवून सांगतात.

माझा धंदा तरूचा. तरू म्हणजे लावणीसाठी वाफ्यात वाढवलेली कोवळी रोपं. मिरची, वांगी, कोबी आणि मुख्य म्हणजे तंबाखू. तंबाखूचं बी ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, ते बी नव्हेच, धूळ आहे. मुठीत घेतलं तर बोटांच्या फटीतून जातं, आणि जोरात श्वास टाकला तर शेजारच्याच्या रानात जाऊन उगवतं. म्हणून ते चाळलेल्या राखेत कालवायचं आणि राख फेकल्यासारखं वाफ्यावर फेकायचं. त्याआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळून किडं-मुंगी घालवायची, मेंढराचं खत मुरवायचं, फेकल्यावर तळहातानं माती थापायची आणि बारीक भोकांच्या झारीनं पाणी द्यायचं. हे फेकणं हातात असावं लागतं. माझ्या वडलांच्या हातात होतं, त्यांच्यामागं माझ्या हातात आलं. वडलांकडून आणखी एक वस्तू आली, ती म्हणजे बियाण्याची पातळ कापडाची पुरचुंडी. आमच्या घरात ही पुरचुंडी धूत नसत. धुतली की बरकत जाते, असं आजोबांपासून चालत आलेलं. मीही कधी धुतली नाही. ही पुरचुंडी वाचकांनी ध्यानात ठेवावी, मी ठेवली नव्हती.

बोरगावची शेती भावांना सोडून मी बेळगावात आलो आणि खासबागेत विहिरीसकट तुकडाभर जमीन घेऊन वाफे घातले. बरोबर माझी थोरली बहीण आली. नाव चंपाबाई, पण सारा मोहल्ला तिला आक्काच म्हणायचा. ऐन तारुण्यात विधवा झालेली. सकाळी जैन बस्तीला, म्हणजे मंदिरात जाऊन देवदर्शन केल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण नाही, आणि घरात पाण्याचा थेंबसुद्धा कापडातून गाळल्याशिवाय यायचा नाही. गाळलेल्या कापडावर जे काही बारीक जीवजंतू राहतील ते परत विहिरीत सोडायचे. मी वाफा जाळायला लागलो की ती आत जाऊन माळ घेऊन बसायची. "जाळ बाबा, जाळ," म्हणायची. "तुझ्या वाटचा जप बी मीच करते."

कुद्रेमनीकर मास्तर बेळगावातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांच्या वर्गाला लागणारी जिती झाडं मी पुरवायचो. मुळासकट उपटलेला मका, कांद्याची पात, डबक्यातलं शेवाळ, भिंतीवरचं नेचं, जे सांगतील ते. मास्तर उंच, वाळके, बोलायला मऊ. खानापूरच्या बाजूचं रान त्यांनी पंचवीस-तीस वर्षं पायांनी तुडवलं होतं आणि तिथल्या झाडांची चित्रं काढली होती. ती चित्रं मी पाहिली आहेत. पानाची शीर अशी काढायचे की वाटावं, आता ह्यातून पाणी वर चढेल. मला चित्रातलं काही कळत नाही, पण रोपातलं कळतं, आणि त्यांच्या कागदावरची रोपं मला लावणीला तयार वाटायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. पाऊस सरला होता. मास्तर माझ्या वाफ्यांच्या बांधावर येऊन बसले. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "भरमाप्पा, तंबाखूहून बारीक बी उगवून दाखवशील?"

"तंबाखूहून बारीक बी जगात नाही मास्तर."

"आहे. किडे खाणाऱ्या झाडाचं."

मी हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि सांगितलं, की डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून निदान केलंय. एक डोळा जवळजवळ गेलाय, दुसरा जायच्या वाटेवर. वर्ष निघेल, कदाचित नाही निघणार. खानापूरच्या रानाची सगळी चित्रं झालीत, एक राहिलंय. हा किडेखाऊ दवबिंदू बीमधून फुटतो कसा, त्याचं पहिलं चिकट पान कसं असतं, ते त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. पावसात खानापूरजवळच्या गुंजीच्या माळावर ते मोहरीहून बारीक रोप गवतात शोधायचं तर धडधाकट डोळे पाहिजेत, आणि सापडलं तरी ते त्याचंच कशावरून? म्हणून कुंडीत, डोळ्यांसमोर, बीपासून.

"तेवढं एक पाहून घेतो," मास्तर म्हणाले. "मग मिटले तरी चालतील."

अशा वेळी शहाणा माणूस म्हणतो, प्रयत्न करून बघतो. मी म्हणालो, "मास्तर, हे माझ्या डाव्या हाताचं काम!"

आम्ही दोघं पॅसेंजरनं गुंजीला गेलो. स्टेशनापासून माळावर चढलो. तिथं भातखाचरांच्या वरच्या अंगाला कातळावर बारीक खडीची ओलसर पट्टी आहे. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि हातानं चाचपायला लागले. "बघ."

मी वाकलो. जमिनीला चिकटलेली, चवलीच्या नाण्याएवढी तांबडी चकत्यांसारखी रोपं. प्रत्येक पानावर केस, केसाच्या टोकाला थेंब. उन्हं चांगली वर आली होती, गवतावरचं दव केव्हाच उडालं होतं, पण ह्याचे थेंब जागच्या जागी चमकत होते. मी बोट लावलं तर डिंकासारखी तार आली. एका पानावर चिलट चिकटलेलं, आणि पानाचे केस त्याच्यावर असे वाकलेले, जशी बाळाच्या हातात बोट दिलं की मूठ वळते. चाळीस वर्षं मी झाडांची चाकरी केली. खत घाला, पाणी घाला, कीड वेचा. हे पहिलं झाड पाहिलं जे कुणाची वाट न बघता दगडावर बसून आपलं आपण मिळवून खात होतं. मी पागोटं काढून हातात घेतलं. मास्तर म्हणाले, "का रे?" मी म्हणालो, "डोकं खाजतंय."

झाडांचे तुरे वाळत आले होते. त्याखाली कागद धरून टिचकी मारली की काळी भुकटी पडायची. तेच बी. माझं तंबाखूचं बी त्याच्यापुढं हरभरा वाटावं इतकं बारीक. दिवसभर टिचक्या मारून नखभर बी जमलं. ठेवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तपकिरीच्या एका रिकाम्या डबीत ठेवलं. मी निपाणीची तपकीर ओढणारा. खिशात दोन डब्या असायच्याच.

परतीच्या गाडीत तिन्हीसांज झाली. डब्यात दिवा नव्हता. सवयीनं मी खिशात हात घातला, डबी उघडली, चिमूट घेतली आणि नाकात सणकून ओढली. झणका आला नाही. तपकीर शिळी असेल म्हणून दुसरी चिमूट ओढली. मग लक्षात आलं, आणि तेव्हाच शिंक आली. उघड्या डबीवर.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"सर्दी," मी म्हणालो.

निम्मं बी गेलं. नाकात उगवलं नाही, एवढीच कृपा.

जिती रोपंही आम्ही खोदून आणली होती. त्यांतली एक कुंडी कॅम्पातल्या एका मडमेनं मच्छरांवर उपाय म्हणून नेली. आठवड्यानं बटलर कुंडी परत घेऊन आला, की मडम म्हणते, झाड मेलं आणि मच्छर सुतकाला जमलेत. निपाणीच्या एका वखारवाल्यानं तर निरोप धाडला, की उंदीर खाईल एवढं मोठं कर, जागा आणि खत माझं. बाकीच्या कुंड्याही विहिरीचं पाणी पिऊन महिन्याच्या आत मेल्या. मास्तर म्हणाले, ते तसंही वर्षाचंच झाड आहे, त्याची वेळ आलीच होती. पण माझ्या वाफ्यावर काही मेलेलं मला खपत नाही. मी चिडलो, आणि चिडून बी टाकायला बसलो.

कसं टाकलं? तंबाखूसारखं. दुसरं मला येत कुठं होतं! सहा मातीच्या परळांत, म्हणजे पसरट थाळ्यांत, चाळलेली माती, मुरलेलं मेंढराचं खत, वर राख. बी वडलांच्या पुरचुंडीत घातलं, देवाचं नाव घेतलं, झटकलं, तळहातानं थापलं, झारी फिरवली. डबीत तळाला चिमूटभर बी राहिलं, ते तसंच देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवून दिलं.

आक्काला मी काही सांगितलं नव्हतं. पण मास्तर सांगून बसले. त्या माणसाला खोटं तर येत नसेच, खरं पोटात ठेवणंही येत नसे.

"किडं खाणारं झाड?" आक्का म्हणाली. "आमच्या घरात? भरम्या, गावात सांगू नगंस. आपल्याला कोण जैन म्हणंल का!"

"आक्का, ते झाड आहे. त्याला काय कळतंय?"

"त्याला न्हाय कळत. तुला बी न्हाय कळत व्हय?"

एवढं बोलून ती बोरगावला भाच्याच्या लग्नाला निघून गेली ती हिवाळाभर तिकडंच राहिली, आणि मला वाटलं, बरं झालं, ब्याद टळली.

आणि परळांत उगवलं! थंडी होती, पण उगवलं. टाचणीच्या डोक्याएवढी दोन गोल पानं, मग आणखी दोन. मी धावत कॉलेजात गेलो. मास्तर वर्ग अर्धा सोडून टांग्यानं आले. त्यांनी भिंग लावलं. "पानावर लव आहे भरमाप्पा! टोकाला थेंब आहे!" होताच. वाचकहो, तंबाखूच्या पानावरही चिकट लव असते, आणि तिच्यावर बारीक चिलटं चिकटून मरतात. तंबाखूच्या मळ्यातून आलेल्या माणसाची बोटं काळी-चिकट होतात ती त्यामुळंच. हे मला माहीत नव्हतं काय? जन्मापासून माहीत होतं. पण मी त्या परळांत दवबिंदू टाकला होता, तेव्हा त्यांत दवबिंदूच उगवणार, ह्याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती.

मास्तर रोज सकाळी येऊ लागले. सकाळच्या उजेडात डोळा थोडा चालायचा. पूर्वेला तोंड करून चटईवर बसायचे, उजव्या डोळ्याला भिंग, मांडीवर फळी, फळीवर कागद. थंडीनं रोपं खुरटलेली, एकेका पानाला दोन-दोन दिवस. लवेचा एकेक केस मोजून काढायचे. मधेच थांबून डोळ्यांवर ओला पंचा धरून बसायचे. मी त्यांना उसाचा रस द्यायचो आणि भोवती फिरून चढ्या आवाजात सांगायचो, "हे फेकणं हातात असावं लागतं मास्तर!" शेजारचे साळी मागावरून उठून बघायला यायचे. कॉलेजातले दोन प्रोफेसर आणि वर्गातली पोरं येऊन गेली. मी एकेकाला चिकटलेलं चिलट दाखवायचो आणि "अजून लहान आहे, मोठं झाल्यावर भूक बघा" असं सांगायचो.

पुन्हा एकदा ते प्रोफेसर आणि पोरं अंगणात असतानाच आक्का लग्नाहून परतली. डोक्यावर बोचकं, तशीच परळापाशी आली. वाकली. एक पान दोन बोटांत चुरगाळून नाकाशी नेलं.

"भरम्या, ह्या दिवसांत तंबाखूचं तरू कशाला टाकलंस रं?"

मी म्हणालो, "आक्का, हा दवबिंदू आहे."

"दवबिंदू असंल न्हायतर हिमबिंदू असंल. ही तंबाखू हाय. आबांच्या पुरचुंडीतनं टाकलास व्हय? शिवणीत काय थोडं बी अडकून असतंय!"

एक पोरगं फिस्सकन हसलं. मग सगळीच हसली. मी मान खाली घालून परळाकडं पाहिलं आणि त्या क्षणी मला ते दिसलं. तंबाखू! अशी स्वच्छ तंबाखू, की आता ती दुसरं काही म्हणून दिसेना.

मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मग मांडीवरचा कागद उचलून दोन्ही हातांनी डोळ्याजवळ नेला. "तंबाखूचं रोप मी कधी काढलंच नव्हतं," म्हणाले. "शेतातलं म्हणून राहून गेलेलं. बरं झालं, काढून झालं." आणि काठी शोधायला लागले. काठी त्यांच्या उजव्या हाताशीच होती. त्यांना ती दिसत नव्हती.

पोरं गेली, प्रोफेसर गेले. आक्का बोचकं घेऊन तशीच उभी.

"मास्तरांचं डोळं कवापासनं असं झालं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. वर्षभर पुरेल का नाही अशी नजर, आणि तीतला अख्खा हिवाळा मी तंबाखूवर घालवला, हेही.

ती आत गेली. स्वयंपाकघरातनं तिचा आवाज आला, "पुरचुंडी दे इकडं." दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोरीवर वाळत होती. तीन पिढ्यांची बरकत विहिरीच्या पायऱ्यांवर सांडली होती.

पुढचे महिने वाईट गेले. डबीतलं बी काढून पुन्हा टाकावं म्हणून कोनाडा पाहिला तर डबी नाही. आक्काला विचारायची सोय नव्हती. माझ्याशी ती फक्त "जेव" आणि "ऊठ" एवढंच बोलत होती. मी धरून चाललो की टाकली असेल उकिरड्यावर. गुंजीच्या माळावर बी केव्हाच झडून गेलेलं. उन्हाळ्यात मास्तरांनी नोकरी सोडली. फळा दिसेना झाला होता. तरी काठी टेकत टेकत खासबागेत यायचे आणि बांधावर बसायचे. मला तोंड वर करून त्यांच्याशी बोलवत नसे.

वळीव पडून गेला आणि हवा फिरली. एके सकाळी मास्तर म्हणाले, "पावसात गुंजीला जाऊ. बघू, हाताला काही लागतंय का."

"मास्तर, त्या चढावर तुम्ही पडाल."

"पडेन," मास्तर म्हणाले. "दुसरं काय होणार?"

आक्का दारात तांदूळ निवडत होती. सुपातच बघत म्हणाली, "ती डबी न्हाणीच्या पत्र्यावर हाय."

मी तिच्याकडं बघतच राहिलो.

"काय बघतोस? जीव खाणाऱ्याचं बी देवघराच्या भिंतीला ठेवलंतास. मी उचलून पत्र्यावर ठेवली, वर धोंडा ठेवला. टाकून कशी देऊ? बी हाय ते. त्यात बी जीवच हाय की."

मी शिडी लावली. आमच्या न्हाणीचा पत्रा चैत्र-वैशाखात असा तापतो, की त्यावर पापड टाकला तर भाजून निघावा. डबीचा रंग उडाला होता. झाकण उघडलं, चिमूटभर काळी धूळ. "भाजलं मास्तर," मी म्हणालो. "सारं भाजून गेलं."

मास्तर म्हणाले, "गुंजीच्या कातळावर चैत्रात कोण सावली धरतं रे?"

मी डबी घेऊन खाली उतरलो.

"आपण त्याला फार मायेनं वागवलं," मास्तर म्हणाले. "झडल्या झडल्या ओलीत टाकलं, खत घातलं. त्याला सवय उपाशी राहायची आणि भाजून घ्यायची. गुंजीची खडी आण. खत नको. राख नको. आणि विहिरीचं पाणी नको. तुझ्या कुंड्यांना कसा पांढरा खार येतो बघ. पावसाचं पाणी धर."

ह्या खेपेला मी तोंड बंद ठेवून ऐकलं. गुंजीची खडी आणि वाळू आणून धुतली. पत्र्याच्या पन्हळीखाली घंगाळ ठेवलं. परळांना खालून भोकं पाडून ते उथळ ताटात ठेवले, म्हणजे पाणी खालून चढेल आणि वरून झारीचा मार नको. बी कोऱ्या कागदावर घेतलं, बारीक वाळूत कालवलं आणि नुसतं वर सोडलं. थापलं नाही, झाकलं नाही. त्याला उजेड लागतो. वरून काचेचा तुकडा. पन्नाशीला आलेला तरूवाला मी, पहिल्यांदाच बी न फेकता सोडत होतो.

पाऊस लागला. ताटात पाणी, वर ओली वाळू, आणि काही नाही. मास्तर येत होते. आता वाटेवर आक्का त्यांना आणायला जायची. टांगेवाल्याशी बोलणं तीच करायची. मी रोज सकाळी काच उचलून बघायचो आणि मास्तरांना सांगायचो, "नाही." मास्तर म्हणायचे, "बरं." एकदा काही हिरवं दिसलं, मी श्वास रोखून आक्काला हाक मारली. तिनं वास घेतला. "शेवाळ हाय," म्हणाली. तेव्हापासून ती न बोलावताही बघायला लागली.

आणि तिलाच दिसलं. माझ्या आधी. "भरम्या, हिकडं ये. बोलू नगंस, वारा लागंल."

वाळूच्या कणाशेजारी वाळूच्या कणाएवढं काहीतरी. भिंगाखाली धरलं. दोन इवलीशी पानं, आणि त्यांच्यामधून वर येणारं तिसरं, चमच्यासारखं. चमच्याच्या कडेनं पाच-सहा केस, तांबूस. प्रत्येकाच्या टोकाला थेंब. अजून नीट उभं राहता येत नव्हतं त्याला, पण शिकारीची सगळी तयारी झाली होती. मी आयुष्यात लाखांनी रोपं उगवून काढली असतील. त्यांतली एकही जन्मतः इतकी तयार नव्हती.

मास्तर टांग्यातून उतरले. मी परळ उजेडाकडं सरकवला. आक्का म्हणाली, "मास्तर, बसा. आलंय."

"तंबाखू नाही ना?"

"वास घेतलाय मी."

मास्तर पूर्वेला तोंड करून बसले. भिंग लावलं. बराच वेळ काही नाही. ते परळ डावीकडं सरकवायचे, उजवीकडं सरकवायचे, मान तिरपी करायचे. डोळ्याच्या एका कोपऱ्यातच काय ती नजर उरली होती. मग हात थांबला. "हां," म्हणाले. तेवढंच. आणि पेन्सिल मागितली.

पाऊसभर ते काढत राहिले. आभाळ दाटलं की काम बंद. उघडीप मिळाली की आक्का हाक मारायची आणि चटई त्या उजेडात ओढायची. पानं वाढली, चिंचोक्याएवढी झाली, लालभडक थेंबांनी भरली. आणि मग भांडण उभं राहिलं. मास्तरांना केस वळताना काढायचे होते, आणि चिलटं येतील तशी आक्का गवताच्या काडीनं सोडवून उडवून द्यायची. ज्या झाडाचं बी तिनं पत्र्यावर नेऊन ठेवलं होतं, त्याच्यापाशी पहारा देत बसली होती.

"आक्का, एकच चिलट," मी म्हणालो. "मास्तरांच्यासाठी."

"मास्तरांच्यासाठी मी काय बी करीन. चिलटानं काय केलंय मास्तरांचं?"

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. "दुधाचा थेंब चालेल," म्हणाले. "दुधालाही ते वळतं, असं वाचलंय. मी करून पाहिलेलं नाही."

आक्का आत गेली आणि वाटीत दूध घेऊन आली. दुधात दूर्वेचं टोक बुडवलं, इतकुसा थेंब घेतला आणि पानावर टेकवला, तान्ह्याच्या ओठाला लावावा तसा. मास्तर भिंग लावून वाकले होते. मी पलीकडून बघत होतो. कडेचा एक केस हलला. मग त्याच्या शेजारचा. आपल्या डोळ्यांदेखत, वारा नसताना, झाड हाताची बोटं मिटावी तसे केस आत घ्यायला लागलं.

"वळतंय," आक्का म्हणाली. "मास्तर, दिसतंय?"

"दिसतंय," मास्तर म्हणाले. आणि पुन्हा म्हणाले, "आक्का, दिसतंय मला."

ते चित्र त्यांनी त्या उघडिपीत पुरं केलं. त्यानंतर आणखी दोन काढायला घेतली, पण ती अर्धी राहिली. दसऱ्याला ते आले तेव्हा त्यांनी आक्काला आवाजावरून ओळखलं.

आता ते चित्र कॉलेजात काचेत लावलंय. शेजारी माझी तंबाखूही आहे. मास्तरांनीच हट्टानं लावायला सांगितली. खाली दोन्हींची खरी नावं आहेत. जाणकार म्हणतात, तंबाखू जास्त देखणी आलीय. त्याला इलाज नाही, तिला नजर जास्त मिळाली.

गेल्या श्रावणात एक तरुण प्रोफेसर त्यांचा वर्ग घेऊन खासबागेत आले. मास्तर ओसरीवर खुर्चीत बसलेले, आक्का शेजारी वालाच्या शेंगा सोलत. परळांतून दवबिंदूची तांबडी नक्षी भरलेली. आता तो दर पावसाळ्यात आपला आपण उगवतो. प्रोफेसरांनी पोरांना माझ्याकडं बोट करून सांगितलं, की हे झाड बीपासून उगवणं किती कठीण असतं आणि ते ह्यांनी आपल्या हातानं साधलं. पोरं आदरानं माझ्याकडं बघायला लागली. मी उपरणं सारखं केलं, खाकरलो आणि म्हणालो, "तसं काही विशेष नाही. हे फेकणं हातात असावं लागतं..."

आक्कानं शेंगेवरची नजर उचलली नाही.

"गप बस रं भरम्या. ऊन मी दावलं, पाणी मास्तरांनी सांगितलं, पाऊस आपल्या पायानं आला. तू उगवून दावलीस ती तंबाखू."